व्हिसा नाकारला, मग फी परत का नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीच्या लोकांचे व्हिसाचे अर्ज भरायला मी बरीच वर्षं मदत करते आहे. नकाराचं पत्र आलं की पहिला प्रश्न असतो, "का नाकारला?" आणि त्याच्या पाठोपाठ, "पैसे तरी परत मिळतील ना?" पहिल्याचं उत्तर बहुतेकदा कुणाकडेच नसतं. दुसऱ्याचं असतं, पण ते एका वाक्यात सांगितलं तर अर्धवट राहतं. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नियम कुठे संपतो आणि माझं मत कुठे सुरू होतं, ते वाचताना कळेल असं लिहिलं आहे.

१. व्हिसा नाकारला गेला तर भरलेली फी परत मिळते का?

जवळजवळ सगळीकडे नाही. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाची अर्ज फी जून २०२३ पासून १८५ डॉलर आहे. ती एकदा भरली की परत मिळत नाही, दुसऱ्याच्या नावावरही करता येत नाही. शेंगेन देशांच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या, अल्प मुदतीच्या व्हिसासाठी ११ जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो पडतात. नकार आला तर तेही गेले. भारत सरकार परदेशी प्रवाशांना ई-व्हिसा देतं, तिथेही हाच नियम आहे: फी अर्जावर काम करण्याची आहे, व्हिसा मिळाला की नाकारला याच्याशी तिचा संबंध नाही.

याला अपवाद आहेत. ते प्रश्न ७ आणि ८ मध्ये पाहा.

२. मग ही फी नेमकी कशाची असते?

अर्ज तपासण्याची. फॉर्ममधली माहिती संगणकात जाते, फोटो आणि बोटांचे ठसे घेतले जातात, नाव आणि ठसे आधीच्या नोंदींशी ताडून पाहिले जातात. मग कुणीतरी अधिकारी तुमची बँक स्टेटमेंटं, नोकरीचं पत्र, निमंत्रणपत्र वाचतो आणि ठरवतो. काही देशांत मुलाखतही होते. हे काम होकाराला लागतं तेवढंच नकारालाही लागतं, कधी कधी जास्तच.

तुमच्याकडची पावती एकदा नीट पाहा. साधारण तीन ओळी दिसतील: व्हिसा फी, अर्ज केंद्राचं सेवा शुल्क, आणि खाली कुरियर किंवा एसएमएस अशी जास्तीची सोय. पहिली रक्कम सरकारची, दुसरी केंद्र चालवणाऱ्या कंपनीची, तिसरी तुम्ही स्वतः निवडलेली. परताव्याची चर्चा करताना लोक तिन्ही रकमा एकत्र धरतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. हे पान मुख्यतः पहिल्या ओळीबद्दल आहे. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीसाठी प्रश्न ९ पाहा.

३. वस्तू मिळालीच नाही तर पैसे कसले? दुकानात असं चालेल का?

दुकानात चालणार नाही. पण दुकानाची तुलना इथे लागू पडत नाही, परीक्षेची पडते. परीक्षेची फी भरून नापास झालेला विद्यार्थी फी परत मागत नाही, कारण पेपर काढला गेला, तपासला गेला, निकाल लावला गेला. त्याने पैसे भरले ते तपासणीचे, पास होण्याचे नव्हेत. बहुतेक सरकारं हाच मुद्दा मांडतात आणि तो चुकीचा नाही.

मात्र परीक्षेत नापास झालेल्याला गुणपत्रिका मिळते. कोणत्या विषयात किती कमी पडले ते कळतं. पुनर्मूल्यांकन मागता येतं, उत्तरपत्रिकेची प्रत मागता येते. पेपर नीट तपासला नसेल तर ते उघड होण्याची सोय असते. व्हिसाच्या बाबतीत सरकारांनी या तुलनेतला फीचा भाग तेवढा घेतला आणि गुणपत्रिकेचा सोयीस्करपणे सोडून दिला. माझा सगळा आक्षेप इथे आहे.

४. मग तुमचं मत काय? फी परत द्यावी की नाही?

निव्वळ नकार आला म्हणून सगळ्यांना सगळी फी परत द्यावी, असं मला वाटत नाही. का, ते पुढच्या प्रश्नात आहे. पण आजच्यासारखी सगळी फी सगळ्यांची ठेवून घेणं त्याहून वाईट आहे.

परतावा व्हिसा मिळाला की नाही यावर ठरू नये, काम झालं की नाही यावर ठरावा. मी पैसे भरले ते निर्णयाचे. मग तो निर्णय वेळेत आला पाहिजे, माझे कागद वाचून घेतलेला असला पाहिजे आणि कारणासकट माझ्या हातात पडला पाहिजे. यातलं एक जरी झालं नसेल तर मी ज्याचे पैसे भरले ते मला मिळालेलं नाही. ती फी परत आलीच पाहिजे, आणि त्यासाठी मला कुणापुढे हात जोडावे लागू नयेत.

दुसरी गोष्ट, फीचे दोन भाग करावेत. तपासणीच्या खर्चापुरता भाग सगळ्यांनी आधी भरावा आणि उरलेला व्हिसा मंजूर झाल्यावर घ्यावा. ही कल्पना हवेतली नाही. प्रश्न ७ मध्ये उदाहरणं आहेत.

५. सगळ्यांना पूर्ण परतावा दिला तर बिघडेल काय?

हिशेब करून पाहू. दहा अर्ज आले, प्रत्येकाच्या तपासणीला १०० रुपये खर्च आला, एकूण हजार. दोघांना नकार देऊन त्यांचे पैसे परत केले, तर उरलेल्या आठांकडून तेच हजार वसूल करायचे म्हणजे प्रत्येकी १२५. निम्मे अर्ज नाकारले जात असतील तर प्रत्येकी २००. म्हणजे जिथे नकार जास्त, तिथल्या मंजूर अर्जदारांवर सगळा बोजा. ते काही वेगळे लोक नसतात, त्याच रांगेत उभे असलेले त्याच देशातले लोक असतात.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. नकार दिला की कार्यालयाचं उत्पन्न बुडतं, मंजूर केला की टिकतं, अशी रचना झाली तर अधिकाऱ्याच्या टेबलावर पैशाचा विचार येऊन बसतो. होकाराकडे झुकणारा असला तरी तो मला नको. अमेरिकेसारख्या देशात वकिलातीचं व्हिसाचं काम मुख्यतः या फीवरच चालतं, त्यामुळे ही भीती पोकळ नाही.

तिसरं कारण नेहमी दिलं जातं ते असं की फुकट झालं तर कुणीही उठून अर्ज करेल. यात थोडं तथ्य आहे, पण ते फार ताणलं जातं. अर्जासाठी कागद जमवणं, रजा काढणं, दुसऱ्या शहरात जाऊन ठसे देणं हे सोसून गंमत म्हणून कुणी अर्ज करत नाही.

६. नाकारलेल्या अर्जांवर श्रीमंत देश पैसे कमावतात, हे खरं आहे का?

रक्कम मोठी आहे, हे नक्की. २०२३ साली शेंगेन देशांकडे सुमारे १ कोटी ३ लाख अर्ज आले आणि त्यातले साधारण १६ टक्के नाकारले गेले. तेव्हा फी ८० युरो होती. नकार मिळालेल्या सुमारे १६ लाख लोकांनी पूर्ण फी भरली असं धरलं तर आकडा १३ कोटी युरोच्या आसपास जातो. लागो कलेक्टिव्ह या गटाने हेच गणित मांडलं आणि त्याला उलट दिशेने जाणारी रेमिटन्स म्हटलं. परदेशात राबणारी माणसं घरी पैसे पाठवतात, आणि इथे घरची माणसं काहीही न मिळता परदेशी तिजोरीत पैसे भरतात. हा भार मुख्यतः आशिया आणि आफ्रिकेतल्या लोकांवर पडतो, कारण व्हिसा लागतो तो त्यांनाच.

याला कमाई म्हणायचं का? फी खर्चाएवढीच असेल तर नाही म्हणता येणार. पण सगळीकडे तसं नाही. ब्रिटनच्या २०१४ च्या इमिग्रेशन कायद्याने फी ठरवताना खर्चाखेरीज अर्जदाराला होणारा फायदाही विचारात घ्यायची मुभा दिली. इथे मला थांबावंसं वाटतं. फीमध्ये फायद्याची किंमत धरली असेल, तर ज्याला व्हिसा मिळालाच नाही त्याला कोणता फायदा झाला? तपासणीचा खर्च ठेवा, पण फायद्यापोटी घेतलेला भाग नकारानंतर ठेवून घेण्याचं समर्थन मला तरी सापडत नाही.

आणखी एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही. ९० युरो सगळ्यांना सारखेच असतात, पण कुणासाठी ती एका संध्याकाळच्या जेवणाची रक्कम असते आणि कुणासाठी महिनाभराच्या पगाराचा लचका.

७. व्हिसा मंजूर झाल्यावरच फी घेणारा एकही देश नाही का?

आहे, आणि तो काही लहानसहान देश नाही. जपान व्हिसाची फी व्हिसा देताना घेतो. मूळ दर एका प्रवेशाच्या व्हिसाला साधारण ३,००० येन आणि अनेक प्रवेशांच्या व्हिसाला ६,००० येन असा वर्षानुवर्षं राहिला. व्हिसा नाकारला तर ही फी घेतलीच जात नाही, त्यामुळे परताव्याचा प्रश्नच उरत नाही. अर्ज केंद्रामार्फत गेलात तर केंद्राचं शुल्क मात्र द्यावं लागतं. "असं कुठेच नसतं" असं कुणी म्हणालं की मी जपानचं नाव घेते.

बाकीच्या देशांनीही ही कल्पना अर्धीमुर्धी का होईना, स्वीकारलेली आहे:

अमेरिकेत १८५ डॉलरच्या अर्ज फीखेरीज काही देशांच्या नागरिकांकडून व्हिसा दिल्याची वेगळी फी घेतली जाते. त्यांचा देश अमेरिकी नागरिकांकडून जेवढं घेतो त्यावर ती ठरते, आणि व्हिसा मंजूर झाला तरच ती भरायची असते.

कॅनडात कायमच्या वास्तव्याच्या अर्जात तपासणीची फी वेगळी आणि वास्तव्याच्या हक्काची फी वेगळी. अर्ज नाकारला किंवा मागे घेतला तर हक्काची फी परत मिळते.

ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून जास्त मुदतीच्या व्हिसासाठी आरोग्य अधिभार, म्हणजे तिथली सरकारी आरोग्य सेवा वापरण्याचे पैसे, आगाऊ भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो बहुतेक प्रौढांना वर्षाला १,०३५ पौंड आहे. नकार आला तर तो पूर्ण परत मिळतो. व्हिसाची फी मात्र मिळत नाही.

ऑस्ट्रेलियात काही प्रकारच्या व्हिसांना दुसरा हप्ता असतो, तोही मंजुरीच्या आधी मागितला जातो, अर्ज करताना नव्हे.

म्हणजे तपासणीचे पैसे आणि मिळणाऱ्या हक्काचे पैसे वेगळे काढणं सरकारांना जमतं. साध्या पर्यटक व्हिसासाठी ते केलं जात नाही, एवढंच.

८. कोणत्या प्रसंगी अर्जाची फी खरोखर परत मिळू शकते?

अर्जाच्या तपासणीला सुरुवातच झाली नसेल तेव्हा. शेंगेनच्या व्हिसा संहितेत, म्हणजे २००९ च्या ८१० क्रमांकाच्या नियमावलीत, कलम १९ आहे. फॉर्म, फोटो, ठसे, पासपोर्ट अशा मूळ अटी पूर्ण नसल्यामुळे अर्ज विचारातच घेता आला नाही, तर कागद परत द्यायचे, ठसे नष्ट करायचे आणि फी परत करायची, असं त्यात लिहिलं आहे. नाकारलेला अर्ज वेगळा आणि विचारात न घेतलेला अर्ज वेगळा. तुमच्या पत्रात यातलं नेमकं काय लिहिलं आहे, ते आधी बघा.

ब्रिटनचा अर्ज त्या देशाबाहेरून केला असेल आणि ठसे देण्याआधी मागे घेतला, तर फी परत मिळते. कॅनडात तपासणी सुरू होण्याआधी अर्ज मागे घेतला तर मिळते. त्यामुळे लग्न पुढे ढकललं गेलं, परिषद रद्द झाली, असं काही झालं तर "बघू पुढे" म्हणत बसू नका. त्याच दिवशी अर्ज मागे घ्या.

९. अर्ज केंद्राचं सेवा शुल्क आणि कुरियरचे पैसे?

ते परत मिळत नाहीत. शेंगेनसाठी केंद्राचं शुल्क साधारणपणे व्हिसा फीच्या निम्म्याहून जास्त असू नये, अशी मर्यादा संहितेच्या कलम १७ मध्ये आहे. बसायची वेगळी खोली, फॉर्म भरून देणं, फोटोकॉपी, एसएमएस या सगळ्या ऐच्छिक गोष्टी आहेत. काउंटरवर त्या सक्तीच्या असल्यासारखं बोललं गेलं तरी नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. यातल्या कशानेही व्हिसा मिळण्याची शक्यता वाढत नाही.

१०. "कागद कमी आहेत" म्हणून माझा अर्ज थांबवला. पुन्हा फी भरावी लागेल का?

कोणत्या कलमाखाली थांबवला त्यावर आहे. अमेरिकेत मुलाखतीनंतर हातात दिलेल्या चिठ्ठीवर २२१(जी) लिहिलं असेल, तर कागद किंवा आणखी छाननी बाकी आहे. एका वर्षाच्या आत मागितलेले कागद दिले तर नवी फी लागत नाही. वर्ष उलटून गेलं तर नवा अर्ज, नवी फी.

चिठ्ठीवर २१४(बी) असेल तर गोष्ट वेगळी. त्याचा अर्थ, तुम्ही परत जाल याची अधिकाऱ्याला खात्री पटली नाही. कायद्यात प्रत्येक अर्जदार कायमचा राहायलाच आला आहे असं धरूनच चालतात आणि तसं नाही हे तुम्ही पटवून द्यायचं असतं. इथे पुन्हा अर्ज करायला बंदी नाही, पण फी पहिल्यापासून. आकडा आणि अक्षर लक्षात ठेवा, चिठ्ठी टाकून देऊ नका. अनेकजण रागाच्या भरात तीच फाडतात.

११. नकाराचं कारणच कळत नाही. मग फी कशाची घेतली?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागतो.

एका मैत्रिणीच्या आईचा अर्ज मीच भरला होता. मैत्रीण परदेशात, पहिलं बाळंतपण, आईला दोन महिने तिच्याजवळ राहायचं होतं. पासपोर्ट परत आला तेव्हा त्यात घडी घातलेला एक कागद होता. छापील कारणांची यादी आणि एका चौकोनात खूण: व्हिसाची मुदत संपण्याआधी देश सोडण्याच्या तुमच्या इराद्याबद्दल वाजवी शंका आहे. बाकी काही नाही. स्वतःचं घर, पेन्शन, इथे असलेला मुलगा आणि सून, आधीच्या दोन परदेशवाऱ्यांचे शिक्के, हे सगळं आम्ही जोडलं होतं. त्यातलं काय कमी पडलं, ते त्या चौकोनातून कळत नव्हतं. काकू मला विचारत होत्या, "माझं काही चुकलं का गं?" आम्ही पुन्हा पूर्ण फी भरली. तेच कागद आणि वर एक सविस्तर पत्र जोडलं. या वेळी व्हिसा मिळाला, पण तोवर नात तीन आठवड्यांची झाली होती.

शेंगेनच्या कलम ३२ प्रमाणे नकाराचं कारण लेखी द्यावंच लागतं. ते त्या ठरावीक छापील फॉर्मवर दिलं जातं. युरोपीय न्यायालयाने २०२० मध्ये एका निकालात सांगितलं की दुसऱ्या सदस्य देशाने हरकत घेतल्यामुळे व्हिसा नाकारला असेल, तर कोणत्या देशाने आणि कोणत्या प्रकारची हरकत घेतली हे अर्जदाराला कळवलं पाहिजे. म्हणजे कारण द्यायचं तर ते उपयोगी पडेल असं असावं, हे तत्त्व न्यायालयाला मान्य आहे. एका चौकोनातली खूण त्या कसोटीला उतरत नाही, असं मला ठामपणे वाटतं. दोन ओळी हाताने लिहायला लागणारा वेळ त्या फीत नक्कीच बसतो.

१२. अपील करून जिंकलो तर मूळ फी परत मिळेल का?

साधारणपणे नाही. अपील यशस्वी झालं तर निर्णय बदलतो किंवा अर्ज पुन्हा तपासला जातो, आणि मूळ फी त्या तपासणीचीच धरली जाते. ब्रिटनमध्ये ज्या प्रकरणांत न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं, तिथे जिंकल्यास अपिलाची फी गृह खात्याने भरून द्यावी असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकतं. अर्जाची फी त्यात येत नाही. शिवाय कुटुंबाला भेटायला जाणाऱ्यांचा अपिलाचा सर्वसाधारण हक्क तिथे २०१३ साली काढून घेतला गेला.

शेंगेन देशांत अपिलाचा हक्क आहे, पण पद्धत ज्या देशाने नाकारलं त्याच्या कायद्याप्रमाणे. जर्मनीत पूर्वी वकिलातीकडेच साधं पत्र लिहून फेरविचार मागता यायचा, त्याला पैसे पडत नव्हते. १ जुलै २०२५ पासून ती सोय जगभर बंद झाली. आता कोर्टात जा, नाहीतर नवा अर्ज करा. दोन्हींना पैसे लागतात. अमेरिकेत वकिलातीच्या नकाराविरुद्ध न्यायालयं जवळजवळ लक्ष घालत नाहीत. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये मुन्योझ खटल्यात हे पुन्हा अधोरेखित केलं.

कार्यालयाची चूक सिद्ध झाल्यावरही मूळ फी परत न देणं मला अजिबात पटत नाही. पेपर चुकीचा तपासला हे मान्य झाल्यावर तपासणीची फी ठेवून घ्यायची कशासाठी?

१३. निर्णय वेळेत आला नाही आणि प्रवासाची तारीख निघून गेली. आता?

शेंगेनसाठी नियमाने १५ दिवसांत निर्णय व्हायला हवा. खोलात तपास लागला तर तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. पण त्याहून उशीर झाला तर फी आपोआप परत करण्याची तरतूद संहितेत नाही. परताव्यासाठी सगळ्यात भक्कम बाजू मला याच प्रसंगात दिसते. लग्न होऊन गेल्यावर मिळालेल्या होकाराचा उपयोग काय? अशा वेळी निदान तीच फी पुढच्या अर्जाला धरावी.

हे अशक्य नाही. अमेरिकेत भरलेल्या फीवर मुलाखतीची वेळ घ्यायला ३६५ दिवस मिळतात. कोविडमध्ये वकिलाती बंद होत्या आणि हजारो लोकांची मुदत हकनाक संपत होती, तेव्हा ती वाढवत नेऊन शेवटी ३० सप्टेंबर २०२३ पर्यंत आणली गेली. पैसे परत दिले नाहीत, पण बुडवलेही नाहीत.

१४. सगळ्या कुटुंबाचा अर्ज एकत्र नाकारला. मुलांचीही फी गेली का?

शेंगेनमध्ये सहा वर्षांखालच्या मुलांना फी नाही, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५ युरो. प्रत्येकाचा अर्ज स्वतंत्र धरला जातो, त्यामुळे भरलेली फीही स्वतंत्रपणे जाते. वडिलांच्या अर्जावर शंका म्हणून आई आणि दोन मुलांनाही नकार, असं बऱ्याचदा होतं. तिथे तपासणी मुळात एकाच अर्जाची झालेली असते. कॅनडाने निदान एकत्र अर्ज करणाऱ्या कुटुंबाच्या फीला ५०० डॉलरची कमाल मर्यादा ठेवली आहे, आणि ती समजूतदार वाटते.

१५. बँकेला सांगून कार्डवरचा व्यवहार उलटवू का?

नकार आला म्हणून असं करू नका. फी परत मिळणार नाही ही अट तुम्ही भरताना मान्य केलेली असते, त्यामुळे बँकेपुढे तुमची बाजू लंगडी पडते. शिवाय फी न भरल्याची नोंद पुढच्या अर्जाच्या आड येऊ शकते.

पैसे दोनदा कापले गेले, किंवा कापले गेले पण पावतीच आली नाही, तर ती साधी तांत्रिक चूक आहे. व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा, आधी फी घेणाऱ्या यंत्रणेकडे लेखी तक्रार करा, आणि मगच बँकेकडे जा.

१६. एजंट म्हणतो, "नकार आला तर सगळे पैसे परत." विश्वास ठेवावा का?

तो स्वतःचे पैसे परत देऊ शकतो, सरकारी फी परत देणं त्याच्या हातात नाही. सगळेच परत देतो म्हणत असेल तर आधी त्याने किती जास्त घेतले ते विचारा. सरकारी फीची पावती तुमच्याच नावाची मागा.

"शंभर टक्के होईल" म्हणणाऱ्याची मला जास्त भीती वाटते. ती खात्री बहुधा खोट्या कागदांच्या जोरावर दिलेली असते. फसवणूक उघड झाली तर कॅनडात पाच वर्षं, ब्रिटनमध्ये दहा वर्षं दार बंद होऊ शकतं आणि अमेरिकेत कायमची अपात्रता ओढवू शकते. एजंटने भरलं, मला माहीत नव्हतं, हे सांगून सुटका होणं फार कठीण. सही तुमची असते.

१७. अमेरिकेत परत मिळणारी व्हिसा फी आली आहे असं ऐकलं. ती नाकारलेल्यांसाठी आहे का?

नाही, नेमकी उलट आहे. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्यात २५० डॉलरची व्हिसा इंटिग्रिटी फी आहे. ती अर्ज करताना नव्हे, व्हिसा दिला जाताना घ्यायची आहे, म्हणजे नाकारलेल्याला लागू नाही. व्हिसाच्या अटी पाळून वेळेत परतलेल्या माणसाला ती नंतर परत देता येईल अशी तरतूद आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मलावी आणि झांबियाच्या नागरिकांपासून अनामतीची योजनाही सुरू झाली. त्यात ५,००० ते १५,००० डॉलर ठेवायचे आणि अटी पाळल्या की परत घ्यायचे.

या दोन्ही योजना मला आवडत नाहीत. एवढी रक्कम अडकवून ठेवणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं आहे. पण त्यातून एक गोष्ट कबूल झाली: कुणाचे किती पैसे घेतले, तो कधी परतला, त्याला किती परत द्यायचे, हा सगळा हिशेब सरकार ठेवू शकतं. मग परताव्याचा हिशेब ठेवणं अशक्य आहे, हे कारण यापुढे पुढे करू नये.

१८. व्हिसा मिळाला, पण विमानतळावरून परत पाठवलं. फी मागता येईल?

नाही. व्हिसा म्हणजे सीमेपर्यंत येण्याची परवानगी. आत घ्यायचं की नाही हे सीमेवरचा अधिकारी ठरवतो. अर्जाची तपासणी झाली, होकारही मिळाला, त्यामुळे प्रश्न ४ मधल्या माझ्या कसोटीवरही इथे परतावा बसत नाही. तिथे लढायचं असेल तर प्रवेश नाकारल्याच्या आदेशाविरुद्ध लढावं लागतं. तो आदेश लेखी मागून घ्या.

१९. निर्णय येण्याआधीच अर्जदाराचं निधन झालं तर?

ऑस्ट्रेलियात अशा वेळी फी परत मिळण्याची तरतूद आहे. कुटुंबीयांनी लेखी मागणी करायची असते. तिथे अर्ज खात्याच्या चुकीमुळे किंवा गरज नसताना केला गेला असेल तरी परतावा मागता येतो. इतर देशांतही मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून अर्ज मागे घेतल्याचं ताबडतोब कळवा. तपासणी सुरू झाली नसेल तर प्रश्न ८ मधल्या नियमांचा आधार मिळू शकतो. पासपोर्ट अजून वकिलातीत असेल तर तो कोण घेणार, त्याचं अधिकारपत्रही त्याच पत्रासोबत पाठवा, म्हणजे घरच्यांना दुसरी फेरी पडणार नाही.